धुळ्याचा रविवार

"जेवून आलोय मी," दारातच चपला काढत हे म्हणाले.

मी चूल पेटवायला काडी ओढली होती. ती हातातच जळत गेली. एक काडी वाया गेली.

"काय होतं जेवायला?"

"शेवभाजी."

"आणखी?"

"आणखी काय असणार? पोळी, भात."

"पापड?"

"होता वाटतं."

"वाटतं म्हणजे? खाल्लात ना?"

"खाल्ला, मंदा."

यांच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी मी परत दुरडीत टाकली. बोलले काही नाही. बोलले नाही म्हणजे भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच. हे हातपाय धुऊन आले, खुंटीला शर्ट अडकवला आणि कोपऱ्यात पेपर घेऊन बसले. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. महिनाभर ज्या माणसाच्या तोंडून 'वाढ', 'पुरे' आणि 'रेणू झोपली का' यापलीकडे शब्द निघायचा नाही, तो माणूस धुळ्याहून आला की गुणगुणायचा.

ही गोष्ट चाळीसगावची. रेणू, आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. आज तिची मुलगी कॉलेजात जाते.

यांचा आणि यांच्या मित्राचा, प्रल्हाद वाण्यांचा, भागीत मंडपाचा धंदा होता. लग्नकार्याला कनाती, पडदे, गाद्या, खुर्च्या पुरवायच्या. स्टेशनमागे भाड्याचं गोदाम होतं. एका वर्षी ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्या गोदामाला आग लागली. विमा नव्हता. प्रल्हादभाऊंनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की महिनाही झाला नाही तोच छातीत कळ येऊन ते गेले. तेराव्याला सगळे पाहुणे बसलेले असताना हे उठले आणि प्रल्हादभाऊंच्या बायकोसमोर हात जोडून म्हणाले, "हेमावहिनी, धंद्यात तुमचं जे सोनं घातलंय, ते मी फेडीन. वेळ लागेल, पण फेडीन."

कागद नव्हता, सही नव्हती, कुणी मागितलंही नव्हतं. बसलेली माणसं गहिवरली. मीही पदरानं डोळे पुसले. घरी येताना टांग्यात माझ्या लक्षात आलं, की त्याच धंद्यात सोनं माझंही गेलंय. चार बांगड्या, मोहनमाळ आणि आईनं दिलेल्या कुड्या. त्याबद्दल मात्र कुणी उठून हात जोडले नव्हते.

हेमलता धुळ्याला माहेरी निघून गेल्या. आमच्यामागे पतपेढीचं कर्ज राहिलं आणि यांचा शब्द राहिला. हे एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहायला लागले. मी लोकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायचे. पगार झाला की पैसे डब्यांत वाटायचं काम माझं. पण सगळ्यात आधी धुळ्याचा डबा भरायचा, हा यांचा नियम होता. त्यानंतर पतपेढी, मग घरभाडं. उरेल त्यात आम्ही तिघं.

अंगाचा साबण मी दोऱ्यानं चार भागांत कापायचे, म्हणजे पाण्यात विरघळून वाया जात नाही. चहा सकाळी एकदाच, तोही अर्धा कप. गोदामातून लाल-पांढऱ्या कनातीचा एक गठ्ठा अर्धवट जळून वाचला होता. त्याच्या मी उशा शिवल्या, पिशव्या शिवल्या, दाराला पडदा केला, रेणूला परकर केले. शेजारच्या सिंधूकाकू म्हणायच्या, "मंदा, तुझ्या घरात बारा महिने लग्न लागलेलं असतं बघ." मी हसायचे. हसताना तोंडावर हात धरायचे, कारण उजवीकडची दाढ गेली होती. दाताचे डॉक्टर म्हणाले होते, वाचवता येईल, चारपाच वेळा यावं लागेल. मी विचारलं, उपटायला किती लागतील? ते बरेच कमी होते.

खरं सांगते, या कशाचा मला फार त्रास नव्हता. ते अंगवळणी पडतं. एकेक रुपया वाचवण्यात एक खुमारीसुद्धा असते. त्रास व्हायचा तो महिन्याच्या पहिल्या रविवारचा.

त्या दिवशी हे लवकर उठायचे. दाढी दोनदा घोटायचे. तांब्यात निखारे घालून स्वतः शर्टाला इस्त्री करायचे. एरवी ऑफिसला चुरगळलेला शर्ट चालायचा, धुळ्याला चालायचा नाही. मग डब्यातले पैसे पाकिटात घालून, पाकीट आतल्या खिशात ठेवून एसटी पकडायचे, ते दिवेलागणीला परत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "एवढ्यासाठी दर महिन्याला धुळ्याला जायचं कशाला? मनिऑर्डर करा."

"मनिऑर्डरला कमिशन पडतं."

"आणि एसटी फुकट नेते का? जाण्यायेण्याचं भाडं कमिशनच्या दुपटीवर जातं."

काडेपेटीतल्या काड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस. एवढं त्याला कळत नव्हतं असं नाही. हे पाकीट खिशात ठेवत म्हणाले, "हातात दिलेलं बरं असतं."

हातात. तो शब्द कुसळासारखा रुतून बसला. कणीक मळताना मला हेमलतांचे हात दिसायचे. लग्नांमध्ये आमची गाठ पडायची तेव्हा पाहिले होते. लांब बोटांचे, गोरे. बाई दिसायला चांगली. हसायची मोकळी, सगळे दात दाखवून. आता ती यांच्यासमोर बसून तशीच हसत असेल. भाजी वाढत असेल, 'आणखी घ्या ना' म्हणत असेल. हे 'पुरे' म्हणत असतील का? घरी तर म्हणतात. धुळ्याहून आलेला शर्ट धुवायला घेतला की मी आधी कॉलरचा वास घ्यायचे. धुळीचा आणि एसटीचा वास यायचा, दुसरा कसलाच नाही. पण त्यानंही माझं समाधान व्हायचं नाही.

भाद्रपदात यांना हिवताप आला. शनिवारी अंग असं तापलं, की दोन गोधड्या घालूनही थंडी राहीना. रविवारी सकाळी पाहते तो हे भिंतीला धरून उभे, आणि हातात तांब्या.

"कुठं निघालात?"

"पहिला रविवार आहे."

"पडा आधी. पुढच्या रविवारी जा."

"नाही. पैसे आजच जायला हवेत."

"मग मी जाते."

हे माझ्याकडे पाहत राहिले. तापानं डोळे लाल झाले होते, पण तापाखेरीज आणखीही काहीतरी होतं त्यांत. घाबरल्यासारखं.

"तू कशाला? तुला घर सापडायचं नाही."

"तोंड आहे मला. विचारत जाईन."

"नको, मंदा."

त्या 'नको'नं माझं पक्कं ठरलं. रेणूला सिंधूकाकूंकडं सोडलं, काकूंना यांच्याकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि नेसायला साडी काढायला बसले. माझ्या दोन साड्या धुवट झालेल्या, तिसरीला रफू केलेला. तेवढ्यात कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या साडीवर नजर गेली. एका गिऱ्हाइकाची, नवीकोरी, मोरपंखी रंगाची. फॉल लावून झाला होता, सोमवारी न्यायला येणार होती. पाच वर्षांत माझ्या हातून शेकडो साड्या गेल्या असतील, पण एकही मी अंगाला लावून पाहिली नव्हती. त्या दिवशी नेसले. हेमलतांच्या दारात मला रफू केलेल्या साडीत उभं राहायचं नव्हतं.

धुळ्याला स्टँडवर उतरले आणि रिक्षाचे पैसे वाचवायला पांझरेच्या पुलावरून चालत देवपूरला गेले. निऱ्या एका हातानं वर धरून, चिखल चुकवत. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. 'आमचं कसं चाललंय ते बघायला एकदा या' असं म्हणायचं होतं. 'माझ्या नवऱ्याला जेवायला घालायची गरज नाही, त्याला घरी भाकरी मिळते' असंही म्हणायचं होतं.

दार हेमलतांनीच उघडलं. चेहऱ्यावर हसू होतं, मला पाहून ते विरलं. माझ्या खांद्यावरून त्यांनी मागं पाहिलं.

"मुरलीभाऊ नाही आले?"

"ताप आलाय. म्हणून मी आले."

"या ना, आत या."

घर वरच्या मजल्यावर, भावाच्या घरातलंच दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पण काय बिऱ्हाड! फरशी चकचकीत. सोफा. कोपऱ्यात टीव्ही. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गुणगुणत उभा असलेला फ्रीज. भिंतीवर प्रल्हादभाऊंचा हार घातलेला फोटो होता, त्याखाली शाळेची दप्तरं आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. हेमलता शाळेत मास्तरीण झाल्याचं मला ठाऊक होतं. पगार चांगला असतो हे मात्र तो फ्रीज पाहिल्यावर कळलं. यांनी घरी येऊन कधी या फ्रीजचा उल्लेख केला नव्हता.

त्यांनी बाटलीतलं गार पाणी दिलं. ते दाढेच्या रिकाम्या जागेला असं झोंबलं, की डोळ्यांत पाणी आलं.

"छान आहे साडी," हेमलता म्हणाल्या. स्वर कोरडा होता.

"हो," मी म्हटलं, आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "मोजून घ्या."

"मी मोजत नसते."

पाकीट तसंच दोघींच्या मध्ये पडून राहिलं. त्यांची मुलं मामाकडं खाली जेवत होती. हेमलतांनी ताटं घेतली. रविवार म्हणून शेवभाजी आधीच करून ठेवली होती. लाल तर्री आलेली, वाफाळती. मी ती इतकी जपून खात होते, की चव कळेना. साडीवर थेंब पडला असता तर ती भरून द्यायला माझे दोन महिने गेले असते.

बोलणं काही जमेना. मुलं कशी आहेत, पाऊस कसा आहे, एवढं होऊन गेलं. मी जुळवून आणलेलं वाक्य ओठावर आणणार, तेवढ्यात त्यांनीच वाटी खाली ठेवली.

"मंदाताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्ही मला असं का छळता?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "मी?"

"मग कोण? गेल्या दिवाळीला मी मुरलीभाऊंना म्हटलं, आता पुरे झालं. मला नोकरी आहे, भावाचा आधार आहे. अर्ध्याहून जास्त तुम्ही दिलेत, राहिलेलं मी सोडून देते. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो. पुढच्या महिन्यात येऊन सांगतात, मंदा नको म्हणाली."

"मी म्हणाले?"

"तुमचे शब्दसुद्धा सांगितले ना त्यांनी. 'बाईचं सोनं ते बाईचं सोनं, त्यातली गुंजसुद्धा ठेवायची नाही.' मी म्हटलं, अहो, पण तुमच्या घरात ओढ आहे. तर म्हणाले, ओढ आहे खरी, पण आमच्या मंदाच्या हातात घर आहे. ती मातीचं सोनं करील."

मला दिवाळीत कुणी काही विचारलं नव्हतं. माझी दाढ त्या दिवाळीनंतरच उपटली होती.

हेमलता बोलतच होत्या. बरेच दिवस तुंबलेलं असावं. "दर महिन्याला मी हे ऐकते. मंदानं जळक्या कनातीच्या उशा शिवल्या. मंदानं साबण दोऱ्यानं कापला. मंदा एका लिंबात सरबतही करते आणि सालीचं लोणचंही. सांगताना त्यांना हसू आवरत नाही. तुम्ही बाजारातून भाजी कशी आणता, कुठल्या वेळी गेलं की स्वस्त मिळते, कशी घासाघीस करता, सगळी नक्कल करून दाखवतात. पाच वर्षांत तिनं एक साडी मागितली नाही म्हणतात, आणि डोळे भरून येतात त्यांचे." एवढं बोलून त्यांनी माझ्या साडीकडं पाहिलं. "म्हणून आज तुम्ही आलात ते पाहून मला वाटलं..."

"ही गिऱ्हाइकाची आहे," मी म्हटलं. "फॉल लावायला आली होती. उद्या परत द्यायचीय."

त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग हसायला लागल्या. मलाही हसू आलं आणि मी सवयीनं तोंडावर हात धरला. हसता हसता त्यांनी डोळे टिपले.

"एक सांगू? लाज वाटते सांगायला. आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते. पण माझ्याबद्दल त्यांनी कुठं एक शब्द काढलेला मला आठवत नाही. चांगला नाही, वाईट नाही. आणि इथं बसून मी भाजी वाढत दुसऱ्याच्या बायकोचं कौतुक ऐकते. जळफळाट होतो माझा. पैसे नकोत असं मी म्हणाले ना, त्यात अर्धा भाग तोही होता. म्हटलं, पैसे थांबले की मुरलीभाऊ यायचे थांबतील, आणि हे मंदापुराणही थांबेल."

ज्या खोलीचा मी पाच वर्षं हेवा केला, त्या खोलीत माझंच नाव घेतलं जात होतं. आणि ऐकायला मी सोडून सगळे हजर. घरी हा माणूस 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच बोलायचा. मला राग आला. हेमलतांचा नाही. यांचाही पुरता नाही. त्या मंदाचा आला, जिच्या साबण कापण्यावर माझा नवरा हसत होता, जिच्यासाठी त्याचे डोळे भरून येत होते. ती इथं धुळ्यात मजेत होती. तिला दाढ दुखण्याचं कारण नव्हतं.

"आता तुम्ही समोरच आहात," हेमलता म्हणाल्या आणि पाकीट माझ्याकडं सरकवलं. "मधल्या माणसाची गरज नाही. हे घेऊन जा आणि राहिलेलंही मी सोडलं. माझ्यावर ओझं होतंय. हो म्हणा."

खोटं कशाला सांगू, 'हो' माझ्या जिभेवर होतं. त्या पाकिटात काय काय होतं ते मला दिसत होतं. पतपेढीचं लवकर मिटलं असतं. रेणूला कनातीऐवजी दुकानातलं कापड मिळालं असतं. मला रोज दोन वेळा चहा. मी पाकिटावर हातही ठेवला.

समोर हेमलता बसल्या होत्या. चेहरा प्रामाणिक होता, पण डोळ्यांत कुठंतरी वाट पाहिल्यासारखं होतं. मी हो म्हटलं असतं, की त्यांना बरं वाटलं असतं. दोन्ही अर्थांनी. मुरलीभाऊंची मंदा अशी काही नाहीच मुळी, चारचौघींसारखीच आहे, हे त्यांना कळलं असतं.

"नको," मी म्हटलं. "बाईचं सोनं ते बाईचं सोनं."

लोक याला मोठेपणा म्हणतील. मोठेपणा नव्हता तो. मला त्या बाईसमोर लहान व्हायचं नव्हतं.

परतीच्या एसटीत मात्र डोकं भणभणलं. अजून दोन वर्षं फेडायचं होतं. रेणूचं कापड, दोन वेळचा चहा, सगळं एका शब्दात घालवून आले होते. आणि तो शब्दसुद्धा माझा नव्हता, यांनी माझ्या तोंडी घातलेला.

घरी आले तेव्हा ताप उतरला होता. हे गोधडीत उठून बसलेले. साडीकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

"दिलेस?"

"दिले."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, राहिलेलं सोडून देते."

हे गोधडीच्या टोकाशी चाळा करायला लागले. "मग?"

"मग काय? मी नको म्हटलं. गुंजसुद्धा ठेवायची नाही म्हटलं."

"त्यांनी सांगितलं वाटतं तुला."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

इतकं सरळ उत्तर आल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं? पण मी भांडले. पाच वर्षांत भांडले नव्हते तेवढं भांडले. दाढेचं बोलले, चहाचं बोलले, फ्रीजचं बोलले. तुमच्या शब्दासाठी माझा जबडा रिकामा झाला म्हटलं. हे ऐकून घेत होते. शेवटी मी म्हटलं, "बाईचं सोनं ते बाईचं सोनं, असं मी म्हणाले म्हणे. मग माझं? मी बाई नाही? माझ्या बांगड्या, माझी मोहनमाळ, त्याचा डबा कुठं आहे या घरात?"

यांचा आवाज एकदम खाली गेला. "तुझ्याकडं मुदत मागता येते, मंदा. त्यांच्याकडं नाही मागता येत."

"मागितली कधी?"

यांचे ओठ कोरडे पडले होते. मग सावकाराच्या दारात उभा राहिलेला माणूस बोलतो तसं, अगदी हळू म्हणाले, "दे ना."

मी उठून त्यांच्यासाठी पेज चढवली. 'नाही' तर म्हणता येत नव्हतं. पण तेवढ्यावर सोडायलाही मी तयार नव्हते.

"एका अटीवर," चुलीकडं तोंड करून मी म्हटलं. "पुढच्या महिन्यापासून मी येणार बरोबर. तिथं माझ्याबद्दल जे बोलता, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

पुढच्या महिन्यात गेलो दोघं. माझी ती रफूची साडी नेसून गेले. हेमलतांनी हौसेनं जेवायला वाढलं. आणि हे? सगळा वेळ खाली मान घालून ताटात बघत बसले. पावसाबद्दल एक वाक्य बोलले, ट्रान्सपोर्टच्या गाड्यांबद्दल एक. हेमलता डोळे मिचकावून म्हणाल्या, "काय मुरलीभाऊ, आज मंदाताईंचं काहीच नाही?" यांचे कान तांबडेलाल झाले. "वाढा," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पुरे."

त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. एसटीचं भाडं मात्र दुप्पट झालं.

तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं, "माझी कंबर धरलीय. तुम्ही एकटेच जा."

यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. तांब्यात निखारे घातले.

हेमलतांचं सोनं आम्ही पुरतं फेडलं. पतपेढीही त्यानंतर वर्षभरात मिटली. माझी मुदत मात्र हे वाढवतच राहिले. कधी रेणूचं शिक्षण, कधी रेणूचं लग्न, कधी घराचा पत्रा. हे साठीला आले तेव्हा मला दोन बांगड्या केल्या, अगदी बारीक. मोहनमाळेची मुदत मागता मागताच गेले.

पण त्या दोन वर्षांतले रविवार माझ्या मनातून जात नाहीत. हे धुळ्याला गेले, की मी भांडी घासून, फॉलचं काम घेऊन दारात बसायचे. ऊन डोक्यावर आलं की हात थांबायचा. आता जेवायला बसले असतील. आता पहिला घास झाला असेल. आता काहीतरी आठवून त्यांना हसू फुटलं असेल, आणि तिकडं देवपूरला फ्रीज असलेल्या घरात, एक देखणी बाई भाजीची पळी हातात धरून माझ्यावर जळत असेल. मी सुईत दोरा ओवायचे आणि पुढचा टाका घालायचे.